एका झोपेत सगळ्या जखमा बऱ्या? रोल-प्लेइंग गेममधल्या हीलिंगचं कोडं

ओगर नावाच्या राक्षसानं गदा हाणली, फायटर आडवा झाला, कसाबसा जीव वाचला, जीव मोजणारे 3 पॉइंट शिल्लक राहिले. मग पार्टीनं, म्हणजे वीरांच्या टोळीनं, गुहेच्या कोपऱ्यात आठ तास झोप काढली आणि सकाळी हाच फायटर आळस देत उठला तो एकदम टकाटक. ना पट्टी, ना ताप, ना लंगडणं. टेबलावर कोणी नवीन असेल तर इथे प्रश्न येतोच, "अरे, हे कसं काय?" जुन्या मंडळींपैकी एक जण म्हणतो नियम आहे तसा, दुसरा म्हणतो आमच्या वेळी असं नव्हतं, तिसरा घरगुती नियम सांगायला लागतो, आणि तासभर ड्रॅगन बिचारा वाट बघत बसतो.

2024 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचे सुधारित नियम आले, त्यात झोपेनं बरं होणं आणखी सोपं झालं, त्यामुळे हा वाद परत तापलाय. व्हिडिओ गेममधून इकडे आलेल्यांना यात काही विचित्र वाटत नाही, जुन्यांना सगळंच विचित्र वाटतं. माझ्या मते दोन्हीकडचे लोक चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी थोडा पाया लागेल.

## खेळ काय आहे ते दोन मिनिटांत

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जण एकत्र बसून गोष्ट घडवतात तो खेळ. एक जण गेम मास्टर, तो जग आणि शत्रू सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर. काय करायचं ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फासे आणि नियम ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (पुढे नुसतं डी अँड डी म्हणतो) 1974 मध्ये आला आणि या प्रकाराची सुरुवात तिथूनच धरतात.

हा खेळ युद्धाच्या खेळांतून जन्माला आला, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या त्यातून. तिथे बहुतेक वेळा एक फटका बसला की सैनिक मेला, उचला. शंभर सैनिक असले की एक गेल्याचं कुणाला काय. पण तुमच्याकडे एकच कॅरेक्टर असेल, त्याला तुम्ही नाव दिलंय, त्याच्या आईचं गाव ठरवलंय, तर पहिल्याच फटक्याला तो गेला की मजाच संपली. म्हणून हिट पॉइंट आले, पुढे एचपी म्हणू. एक आकडा असतो, मार बसला की कमी होतो, शून्यावर गेला की तुम्ही पडलात. आर्नेसननं पुढे सांगितलं होतं की ही कल्पना त्यानं जहाजांच्या लढाईच्या नियमांतून उचलली. म्हणजे बघा, ज्या आकड्याला आपण माणसाच्या अंगातलं रक्त समजून वाद घालतो तो मुळात माणसासाठी नव्हताच, जहाजासाठी होता.

आणि हीलिंग म्हणजे तो आकडा परत वर नेणं. जादूनं, औषधानं, नाहीतर नुसत्या विश्रांतीनं.

## एचपी म्हणजे रक्त नाही

गोंधळ इथून सुरू होतो. मोबाइलची बॅटरी डोळ्यासमोर आणा. 100 टक्के असो की 4 टक्के, फोन तसाच चालतो, कॉल तितकाच स्पष्ट लागतो, गेम तितक्याच जोरात पळतो. शून्य झालं की मात्र खटकन बंद. डी अँड डीमधलं एचपी हुबेहूब असंच आहे. 60 पैकी 60 असणारा फायटर जेवढ्या ताकदीनं तलवार चालवतो तेवढ्याच ताकदीनं 60 पैकी 1 असणारा पण चालवतो. खरी जखम अशी वागत नाही. मांडीत बाण घुसलेला माणूस पूर्ण वेगानं धावत नाही.

म्हणजे हा आकडा जखमांचा नाही, मग कशाचा? याचं उत्तर गायगॅक्सनं 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच देऊन ठेवलंय. त्याचा मुद्दा असा: चार पॉइंटच्या एका वारानं साधा माणूस मरतो, मग वरच्या लेव्हलच्या (म्हणजे अनुभवाच्या वरच्या पायरीवरच्या) वीराला तसे पाच-पाच वार आरपार सहन होतात असं मानायचं का? त्याच्या मते हे मानणं हास्यास्पद आहे. दहाव्या लेव्हलचा दणकट फायटर त्या हिशोबानं 95 एचपीपर्यंत जातो, पण म्हणून त्याच्या अंगात साध्या माणसाच्या वीसपट रक्त नसतं. त्यातला थोडासाच भाग शरीराचा, बाकी कौशल्य, नशीब, देवाची कृपा, धोका आधीच जाणवणं वगैरे. नवशिक्याच्या काळजात घुसली असती ती तलवार अनुभवी माणसाला फक्त चाटून जाते, कारण तो ऐनवेळी वळला.

2014 च्या नियमांतही हेच आहे, शारीरिक आणि मानसिक चिवटपणा, जगण्याची इच्छा आणि नशीब यांचं मिश्रण म्हणजे एचपी. वर्णन कसं करायचं तेही सुचवलंय: अर्ध्यापेक्षा जास्त एचपी असेपर्यंत अंगावर खूण दिसत नाही, अर्ध्याखाली गेलं की खरचटणं आणि जखमा दिसायला लागतात, आणि शून्यावर नेणारा जो वार असतो तो मात्र नीट लागतो.

म्हणजे सुरुवातीच्या त्या फायटरची कहाणी परत सांगायची तर गदा त्याच्या बरगड्यांवर सरळ बसलीच नाही. ढालीवर बसली, हात झिणझिणले, तो धडपडला, दम गेला, कपाळ फुटलं. आठ तास झोपून हे बऱ्यापैकी भरून येतं. प्रश्न मिटला?

नाही मिटला.

## कारण नियम स्वतःच दोन्ही दगडांवर पाय ठेवतात

एचपी जर दम आणि नशीब असेल तर ते परत आणणाऱ्या जादूचं नाव जखम बरी करणारी जादू का आहे? विषारी सुईनं एक पॉइंट गेला आणि विष चढलं, म्हणजे सुई अंगात घुसली असणारच ना, मग नशिबानं हुकवली कसं म्हणायचं? उंचावरून पडलात तर दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. वीस फाशांची सरासरी 70 येते. 120 एचपीचा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, कड्यावरून उडी मारून, कपडे झटकून चालायला लागतो, हे नियमाप्रमाणे बरोब्बर आहे. जमिनीला चुकवता तर येत नाही. इथे नशीब, कौशल्य काहीही सांगितलं तरी ऐकणारा हसतो.

मला आवडणारी विसंगती मात्र याहून बारीक आहे. 1974 मध्ये हलक्या जखमा बऱ्या करणारी जादू 2 ते 7 पॉइंट परत द्यायची. आता साधा पहारेकरी घ्या, एकूण 4 एचपी. तो मरणाच्या दारात असेल तर ही जादू त्याला ठणठणीत करते. आणि 95 एचपीचा वीर तसाच मरणाच्या दारात असेल तर त्याच जादूनं त्याचं जेमतेम खरचटलेलं भरतं. दोघांच्या शरीराची अवस्था सारखीच, जादू तीच, आणि परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. एचपी म्हणजे कौशल्य आणि नशीब असं मान्य केलं तर हीलिंग नेहमी टक्क्यांत हवं, पॉइंटांत नाही.

आणि हे एका आवृत्तीनं केलं होतं! 2008 ची चौथी आवृत्ती. तिथे प्रत्येक कॅरेक्टरकडे दिवसाला ठरावीक वेळा स्वतःला सावरायची राखीव ताकद असायची, हीलिंग सर्ज म्हणायचे, एक सर्ज म्हणजे एकूण एचपीचा चौथा भाग. जादूगार असो, पुजारी असो, तो बहुतेक वेळा ही राखीव ताकदच जागी करायचा. त्यातच वॉरलॉर्ड नावाचा सेनापती होता, तो जादूबिदू काही करायचा नाही, नुसता ओरडून साथीदाराला उभं करायचा. एचपी म्हणजे हिंमत आणि दम, मग सेनापतीच्या आरोळीनं हिंमत परत येणार यात चूक काय? तर्कानं बघितलं तर पन्नास वर्षांतली सगळ्यात सुसंगत व्यवस्था. आणि लोकांनी तिलाच जास्तीत जास्त शिव्या घातल्या, ओरडून जखमा शिवतो का हा, म्हणून. इथे मला एक गोष्ट स्पष्ट दिसते की बहुतेक खेळाडूंना व्याख्या सुसंगत असण्याशी फार देणंघेणं नसतं. टेबलावर "तलवार तुझ्या खांद्यात घुसली" असं वर्णन ऐकलेलं असतं, डोक्यात तेच चित्र बसतं, आणि नंतरचा नियम त्या चित्राशी जुळला नाही की खटकतं.

## पूर्वी म्हणे जखमा खऱ्या होत्या

जुने खेळाडू सांगतात ते आकडे खरे आहेत. 1974 मध्ये विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच मिळायचं नाही, मग एक दिवसाआड एक पॉइंट. याला फार वेळ लागू शकतो असं खुद्द नियमातच लिहिलं होतं. पुढे 1979 च्या सुमारास दिवसाला एक पॉइंट, आणि कितीही एचपी असले तरी सलग चार आठवडे विश्रांती घेतली की पूर्ण बरे. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत एका रात्रीत लेव्हलइतके पॉइंट. 2008 मध्ये सहा तासांच्या विश्रांतीत सगळे. 2014 मध्ये आठ तासांत सगळे एचपी, पण तासाभराच्या छोट्या विश्रांतीत जे राखीव फासे खर्चून बरं व्हायचं असतं ते मात्र अर्धेच परत. 2024 मध्ये ते फासेही सगळे परत.

आलेख सरळ एकाच दिशेला जातो आणि तो बघून वाटतं की खेळ दिवसेंदिवस मऊ होत गेला. पण जुन्या टेबलावर खरं काय व्हायचं? महिनाभर कोणी अंथरुणात पडायचं नाही. पार्टीत क्लेरिक असायचा, म्हणजे देवाचा पुजारी, बरं करायच्या जादू त्याच्याकडे. परत सुरक्षित जागी जायचं, क्लेरिकनं त्या दिवसाच्या सगळ्या जादू फक्त हीलिंगच्या घ्यायच्या, सगळ्यांवर टाकायच्या, झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. दोन-तीन दिवसांत पार्टी तयार. म्हणजे महिनाभराचा तो खडतर नियम कागदावर होता, व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की पार्टीत क्लेरिक असायलाच हवा, आणि जो बिचारा क्लेरिक घेईल त्यानं सगळी जादू दुसऱ्यांना मलमपट्टी करण्यात घालवायची. बऱ्याच टेबलांवर क्लेरिक कोण होणार यावर "मी नाही, तू हो" असं चालायचं ते यामुळेच. हीलिंग सोपं होत गेलं त्यामागे मऊपणापेक्षा हे ओझं काढून टाकणं मोठं कारण होतं असं मला वाटतं.

## बरं, खऱ्या शरीरात काय होतं?

वास्तव वास्तव म्हणतो तर वास्तव बघू. मांडीचं हाड मोडलं तर जुळायला साधारण तीन ते सहा महिने. कातडीचा खोल घाव पहिले काही दिवस सुजलेला असतो, मग दोन-तीन आठवडे नवीन पेशी भरत जातात, मग पुढे कित्येक महिने, कधी वर्षभर, आतून व्रण घट्ट होत राहतो, आणि एवढं होऊनही व्रणाची जागा मूळ कातडीच्या फार तर 80 टक्के मजबूत होते. मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांत माणूस जातो. आणि अँटिबायोटिक नसलेल्या जगात लढाईनंतरचा खरा शत्रू तलवार नसते, जखम चिघळणं असतं. पेनिसिलिनचा शोधच 1928 चा. पोटात भाला लागला तर वाचणं कठीणच, कितीही शूर असलात तरी.

याची दुसरी बाजू पण आहे, ती वास्तववादी मंडळी विसरतात. जीवघेणी जखम झालेला माणूस कधीकधी काही मिनिटं लढत राहतो, धावतो, त्याला कळतही नाही आपल्याला लागलंय, आणि मग एकदम कोसळतो. म्हणजे शून्यापर्यंत व्यवस्थित चालून अचानक बंद पडणारी ती बॅटरी अगदीच खोटी नाही.

आता हे सगळं नियमात घाला. पहिली मारामारी, त्यात दोघं जखमी, एकाला ताप, तो आठव्या दिवशी गेला, दुसरा चार महिने घरात. गोष्ट संपली. प्रामाणिक वास्तव असंच दिसतं आणि ते फारसं कुणाला खेळायचं नसतं. "मला वास्तव हवं" म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात चार महिने नको असतात, त्याला हवं असतं की मार खाल्ल्याची काहीतरी किंमत मोजावी लागावी. ही मागणी रास्त आहे. पण तिचं नाव वास्तव नाही.

## मग खरा प्रश्न कोणता

हीलिंगचा नियम हा वैद्यकाचा नियम नाहीच. तो घड्याळाचा नियम आहे. एक मारामारी झाल्यावर पुढची मारामारी परवडण्याआधी गोष्टीत किती वेळ जावा लागतो आणि काय खर्च करावं लागतं, एवढंच तो ठरवतो. सकाळपर्यंत बरे होत असाल तर गोष्ट दिवसांत मोजली जाते, राक्षसाचा पाठलाग उद्याच सुरू. महिना लागत असेल तर गोष्ट ऋतूंत मोजली जाते, तुम्ही बरे होईपर्यंत राक्षसानं आणखी दोन गावं जाळलेली असतात. दोन्ही छान गोष्टी आहेत, पण वेगळ्या.

या नजरेनं बाकीचे गेम बघितले की त्यांचे नियम पटकन उलगडतात. कॉल ऑफ कथुलू हा 1981 पासूनचा भयकथांचा गेम, त्यात साधी माणसं असतात, एचपी दहा-बारा, आणि अनुभवानं ते वाढत नाहीत. सातव्या आवृत्तीत तासाभरात प्रथमोपचार मिळाला तर एक पॉइंट, साधी जखम असेल तर दिवसाला एक पॉइंट, पण एकाच घावात अर्धे किंवा जास्त गेले तर ती मोठी जखम, मग आठवड्याला एकदा फासे टाकून बघायचं काही सुधारणा आहे का. तिथे हाणामारी हाच मूर्खपणा आहे, पळून जा असं नियम न बोलता सांगतो. 1978 चा रूनक्वेस्ट शरीराच्या प्रत्येक भागाला वेगळे पॉइंट देतो, पाय गेला म्हणजे खरंच पाय गेला. 1977 च्या ट्रॅव्हलरमध्ये मार थेट ताकद, चपळाई आणि दमसासातून वजा होतो, म्हणजे जखमी माणूस त्याच क्षणी कमजोर. फेट नावाच्या गेमची युक्ती तर भारी आहे, तिथे हलकी इजा पुढचा एक प्रसंग संपेपर्यंत राहते, मध्यम इजा एक सेशनभर, आणि गंभीर इजा सगळं कथानक संपेपर्यंत. दिवस नाहीत, आठवडे नाहीत, वेळ सरळ गोष्टीत मोजलेला. मला हा प्रकार सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आणि काही गेमनी दोन आकडेच वेगळे केले. 2000 साली आलेल्या स्टार वॉर्सच्या गेममध्ये दम वेगळा आणि जखम वेगळी. इन टू द ऑड नावाच्या गेममध्ये एचपी म्हणजे मार चुकवायची क्षमता, दोन घोट पाणी पिऊन जरा टेकलात की परत, पण ते संपल्यावर जो मार बसतो तो ताकदीतून जातो आणि तो भरायला सुरक्षित जागी आठवडाभर थांबावं लागतं. बॅटरीचं चार्जिंग रात्रीत होतं पण बॅटरी स्वतः झिजते ती झिज चार्जरनं भरत नाही, तसंच. गायगॅक्सनं नुसतं शब्दांत जे समजावलं होतं ते इथे नियमातच आलं.

## "पण ड्रॅगन चालतात आणि झोपून बरं होणं चालत नाही?"

हा टोमणा नेहमीचा. जिथे माणूस हातातून आग फेकतो तिथे जखमेच्या वेळापत्रकावर का भांडायचं? ऐकायला बिनतोड वाटतो पण नाहीये. गोष्टीत जे वेगळं आहे असं सांगितलंय ते वेगळं, बाकी सगळं आपल्या जगासारखं, असाच आपला करार असतो. ड्रॅगन आहे म्हणून पाणी वर वाहत नाही, आणि तहान लागायची पण थांबत नाही. क्लेरिकनं हात ठेवला आणि जखम भरली, ठीक, ती जादू. पण साध्या शेतकऱ्याचं तुटलेलं हाड झोपेनं जुळलं तर ऐकणाऱ्यानं विचारायलाच हवं की मग या जगात लंगडं कोण कसं?

हा प्रश्न गंमत म्हणून विचारत नाही, त्यातून जग तयार होतं. बरं करणारी जादू स्वस्त असेल तर राजे युद्धात मरतील का? साथ पसरेल का? डी अँड डीमध्ये याची काही उत्तरं आहेत, जखम भरणाऱ्या साध्या जादूनं तुटलेला हात परत उगवत नाही, त्यासाठी सातव्या पातळीची जादू लागते, आणि ती येणारे लोक अख्ख्या राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे एक हात नसलेला जुना सैनिक त्या जगात असू शकतो. गेम मास्टरनं एवढा विचार केलेला असला की झोपेचा नियम फारसा टोचत नाही असा माझा अनुभव आहे.

## जिथे तक्रार करणाऱ्यांचं खरं आहे

एका बाबतीत मी पूर्णपणे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं आहे आणि ती म्हणजे पडणं-उठणं. 2014 च्या नियमांत शून्यावर गेलात की बेशुद्ध, मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा, 10 किंवा जास्त आलं तर यश, तीन यशं म्हणजे स्थिर, तीन अपयशं म्हणजे मेलात. ठीक आहे, थरारक आहे. पण साथीदारानं साठ फुटांवरून दोन शब्दांची जादू टाकली आणि तुम्हाला फक्त 1 पॉइंट मिळाला तरी तुम्ही उठता आणि पूर्ण ताकदीनं लढता. शून्याच्या खाली आकडा जात नाही, त्यामुळे एका फटक्यात जीवच जाईल इतका प्रचंड मार सोडला तर 30 चा मार बसला काय आणि 3 चा काय, पडल्यावर हिशोब सारखाच.

याचा परिणाम काय होतो? मित्र 10 एचपीवर असताना त्याला बरं करणं वाया, कारण पुढचा फटका ते खाऊन टाकणार. तो पडायची वाट बघायची आणि मग उठवायचं, हे जास्त फायद्याचं. म्हणून अख्खी लढाई लोक पडतायत, उठतायत, परत पडतायत, इंग्रजी बोलणारे खेळाडू याला यो-यो म्हणतात. मरणाच्या दारातून दर सहा सेकंदांनी परत येणारा वीर. इथे एचपी म्हणजे नशीब की रक्त हा प्रश्नच उरत नाही, कुठल्याही व्याख्येनं हे विचित्र आहे, आणि वाईट म्हणजे नियम खेळाडूंना मित्र पडायची वाट बघायला शिकवतो. 2024 मध्ये हीलिंगच्या जादूंचे फासे वाढवले, त्यानं थोडा फरक पडला, मूळ दुखणं तसंच आहे.

पाथफाइंडर नावाच्या गेमच्या 2019 मधल्या दुसऱ्या आवृत्तीनं यावर साधा उपाय काढला. पडून उठलात की तुमच्यावर जखमी असा शिक्का बसतो, आणि पुढच्या वेळी पडलात की मरणाच्या एक पायरी जवळून सुरुवात होते. पायऱ्या चारच. त्यामुळे दुसऱ्यांदा पडायची खरी भीती वाटते. आणि तो शिक्का लढाईनंतर दहा मिनिटं नीट मलमपट्टी केली, ती जमली, की पुसला जातो, म्हणजे गोष्ट अडत नाही. डी अँड डी खेळणारे बरेच जण घरगुती नियम म्हणून पडल्यावर थकव्याची एक पायरी देतात, तेही चालतं, जरा कडक आहे.

## "मग जखम झाली की कमजोरी का नको?"

हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. मार बसला की फाशातून दोन वजा, आणखी बसला की चार वजा. वास्तवाच्या जवळ जातं, आणि काही गेममध्ये आहेही. अडचण अशी की ज्याला पहिला फटका बसला तो कमजोर होतो, म्हणून त्याला दुसरा बसतो, म्हणून आणखी कमजोर. लढाईचा निकाल पहिल्या मिनिटात लागलेला असतो आणि उरलेला तासभर एक जण हरतानाचं बघत बसतो. छोट्या, झटपट लढायांच्या गेममध्ये हे मस्त चालतं कारण तिथे हरायला लागलं की लोक शरण जातात किंवा पळतात. डी अँड डीसारख्या लांबलचक लढाईत नको.

## "आम्ही सात दिवसांची विश्रांती लावली तर?"

लावा, पण काय लावताय ते समजून लावा. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये असा पर्यायी नियम आहेच, छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी विश्रांती सात दिवसांची. नावात रिअ‍ॅलिझम असल्यामुळे लोक तो वास्तवासाठी घेतात आणि मग वैतागतात, कारण या नियमानं जखमेपेक्षा जादूचं गणित जास्त बदलतं. विझार्डच्या, म्हणजे जादूगाराच्या, बहुतेक जादू मोठ्या विश्रांतीनंतरच परत येतात. म्हणजे आता त्याला आठवडाभर त्याच पुरवायच्या. आठ तास टिकणारी चिलखताची जादू आधी दिवसभराची सोय होती, आता आठवड्यातला एक तुकडा. उलट वॉरलॉक नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराचं छोट्या विश्रांतीत भागतं, तो एका झोपेत ताजातवाना. टेबलावरचा विझार्ड तोंड पाडून बसला तर त्याचं कारण हे.

दुसरं म्हणजे त्याच पुस्तकानं हिशोब धरलाय की दोन मोठ्या विश्रांतींच्या मधे सहा ते आठ मारामाऱ्या पार्टीला झेपतात. बहुतेक टेबलांवर दिवसाला एखादीच होते, कधी तीही नाही. मग प्रत्येक लढाईत सगळे आपली सगळी ताकद ओततात, रात्री झोपतात, सकाळी परत भरलेले, आणि गेम मास्टर म्हणतो हीलिंग फार सोपं आहे. हीलिंग सोपं नाहीये हो, तुमच्या लढाया विरळ आहेत. लांबच्या प्रवासाची, कटकारस्थानाची गोष्ट असेल, आठवड्याला चार-पाच झटापटी होत असतील, तर सात दिवसांची विश्रांती एकदम चपखल बसते. पण तळघरात एकामागून एक खोल्या, प्रत्येकीत काहीतरी दबा धरून बसलेलं, अशी गोष्ट असेल तर तोच नियम तिसऱ्या खोलीनंतर अख्ख्या पार्टीला आठवडाभर बाहेर पाठवतो आणि तेवढ्यात आतल्या लोकांनी दाराला नवीन कुलूप लावलेलं असतं.

मधला मार्ग हवा असेल तर तोही त्याच पुस्तकात आहे: झोपेनं एचपी परत नाहीत, फक्त राखीव फासे परत, ते खर्चून जेवढं बरं होता येईल तेवढं व्हा. आठ तास आठच राहतात, विझार्डचं काही बिघडत नाही, पण दोन-तीन खराब दिवस लागोपाठ आले की पार्टी हळूहळू झिजत जाते. यात अर्धेच फासे परत देण्याचा 2014 चा हिशोब धरा, 2024 चा धरलात तर फासे रोज पूर्ण भरतील आणि झिज जवळजवळ दिसणारच नाही. आणि जे काही ठरवाल ते कॅरेक्टर बनवायच्या आधी सांगा, कारण क्लेरिक घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.